वळणावरच्या दोन थापा

परदेशातल्या कॉलेजला सुट्टी लागली तशा तिघी मैत्रिणी भाड्याच्या गाडीने भटकायला निघाल्या. गाडी धाकटी चालवत होती. प्रत्येक वळणावर तिच्या सीटला मागून दोन थापा बसत होत्या.

‘सावकाश’ म्हणायला तिचे बाबा मागे बसून अशाच थापा मारायचे. त्यांना जाऊन महिनाच झाला होता. हे तिने फक्त या दोघींना सांगितलं होतं.

पेट्रोलपंपावर तिने गाडी थांबवली. “थट्टा कशाची करावी, काही कळतं का तुम्हाला?”

“अगं, मी घोरत होते. विचार हिला,” मागची म्हणाली.

“घोरता घोरता थापा मारल्यास? उतरा दोघी.”

दोघी उतरल्या आणि गाडीच्या काचेसमोर हिरमुसून उभ्या राहिल्या. तिने रागाने किल्ली फिरवली.

मागच्या सीटवर सीटबेल्ट खट्कन लागला.