कासवांची ओळ

वॉशिंग मशीनच्या सर्किट बोर्डाला यूएसबीची वायर लावून मी त्याला एकेक कमांड पाठवायचो. पाणी भर. बोर्ड म्हणायचा, ठीक. ड्रम फिरव. ठीक. शेवटी शेजारच्या टेबलावर काम करणारी टेस्टर मुलगी वैतागली.

"मशीनची मनधरणी करतोयस का? सगळ्या कमांड एका स्क्रिप्टमध्ये घाल आणि एकदम पाठव. बोर्ड ओळीने करत जाईल. जिथे अडेल तिथे थांबेल आणि फक्त त्या ओळीचा नंबर सांगेल."

काम दुपारच्या आत उरकलं. मग लक्षात आलं, वर्षभर मी तिच्याशीही असाच वागतोय. सोमवारी "पेन आहे का?", गुरुवारी "थँक्यू". या वेगाने मुद्द्यावर येईपर्यंत आम्ही दोघंही रिटायर झालो असतो.

तिच्या टेबलापाशी गेलो आणि एका दमात सगळं पाठवून दिलं. "आत्ता चहाला येशील? माझ्या आईबाबांना भेटशील? माझ्याशी लग्न करशील? माझी तिन्ही कासवं आपल्या बेडरूममध्ये झोपली तर चालेल?"

तिने स्क्रीनवरून नजरसुद्धा हटवली नाही. "ओळ चार."

माझा चेहरा पडला. नकार तो नकारच. आपल्या जागेवर परत येऊन बसलो, तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. तसाच उठून पुन्हा तिच्याकडे गेलो.

"कासवं हॉलमध्ये ठेवली तर?"

"दुरुस्ती केली की स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून चालवायची असते," पर्स उचलत ती म्हणाली. "चल, चहा पिऊन येऊ."