सात नंबरचा ठेका

"हे काय आहे?" मॅनेजरसाहेबांनी विचारलं.

टेबलावर जेवणाचा डबा उघडा पडला होता. वरच्या पुडात भाकरी आणि पिठलं, खालच्या पुडात फडक्यात गुंडाळलेला वॉकमनएवढा टेपरेकॉर्डर. गेटवरच्या वॉचमननं तो सकाळच्या तपासणीत धरला होता आणि डब्यासकट नागसेनला केबिनमध्ये आणून उभं केलं होतं. कारखान्यात कॅमेरा, रेकॉर्डर न्यायला बंदी आहे, असं गेटावर हातभर अक्षरात लिहिलेलं होतं. कागलच्या एमआयडीसीत तेव्हा नवेनवे कारखाने उभे राहत होते आणि जो तो शेजारच्यावर संशय घेत होता.

तीन वर्षं नागसेन कंत्राटावर लेथ चालवत होता. एक तारखेला पाच जण परमनंट होणार होते आणि यादीत त्याचं नाव होतं. आईनं तर गल्लीत सांगूनही टाकलं होतं.

"साहेब, गाणं हाय," तो म्हणाला.

"कुणाचं?"

"मशीनचं."

खरं बोलणारा माणूस इतका खोटारडा क्वचितच दिसला असेल. पण गाणंच होतं ते. शिवाजी पेठेतल्या राजवर्धनकडे, म्हणजे त्याच्या दोस्ताकडे, पुण्याहून कॅसेटी यायच्या. कॉपीची कॉपी, वर नाव नाही की गाव नाही. पेटी-तबला नाही, शब्द नाहीत, नुसते यंत्रांचे आवाज. पहिल्यांदा ऐकलं आणि नागसेनला वाटलं, आयला, हे तर आपल्या मशीन शॉपमध्ये रोज फुकट वाजतंय. तेव्हापासून त्याला वेडच लागलं. महिनाभर तो डब्यातून आवाज चोरून नेत होता. रविवारी दोघं दोन टेपरेकॉर्डर समोरासमोर मांडून आवाजावर आवाज चढवत. सगळी पेठ फुटबॉलवरून भांडायची, हे दोघं पत्रा ठोकणाऱ्या प्रेसच्या ठोक्यावरून. आता हे साहेबांना कुठल्या तोंडानं सांगायचं?

"हंबीररावांना बोलवा," साहेब म्हणाले.

हंबीरराव फोरमन. सगळे त्याला मामा म्हणत, पण लांबूनच. आधी उद्यमनगरातल्या कारखान्यांत, मग इथं, अशी तीस वर्षं मशीनपाशी गेलेला माणूस. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे, ही त्याची तपासणी. कंप्रेसर जाणार म्हणून त्यानं दोन दिवस आधी सांगितलं होतं. साहेबांनी मनावर घेतलं नाही आणि कारखाना तीन दिवस बंद पडला. तेव्हापासून मामा बोलला की साहेब गप्प बसत.

आत रविवारी जुळवलेलीच कॅसेट होती. साहेबांनी बटण दाबलं. आधी ग्राइंडरची बारीक शीळ आली. तिच्यावर प्रेसचा ठोका. आणि त्या दोन्हींवर सात नंबरच्या लेथचा अडखळता ठेका, दोन पडायचे, एक चुकायचा. नागसेनचा जीव होता त्या ठेक्यावर. कुणीतरी कारखान्याच्या ड्रॉइंगमधली मापं वाचून दाखवेल म्हणून साहेब कान टवकारून बसले होते. चार मिनिटं संपली. टेपवर कुणी चकार शब्द बोललं नाही.

मामानं डोळे मिटले होते. "परत लावा."

परत लावलं.

"आणि एकदा."

तिसऱ्या वेळी मामाचं बोट मांडीवर हलत होतं. तोवर साहेबांच्या समोर नागसेनला कामावरून कमी केल्याचा कागद टाईप होऊन आला होता. सही तेवढी राहिली होती.

"साहेब, सात नंबरच्या मोटरचं बेअरिंग जायला लागलंय," मामा म्हणाला. "मीच ह्याला आवाज भरून आणाय सांगितलंतं. शॉपच्या गोंगाटात उमगत न्हाय. तुमच्या कानावर घालायचं ऱ्हायलं, चूक माझी."

"मग एवढे आवाज एकावर एक कशाला चढवले?"

मामानं डोळे उघडले.

"चांगल्याच्या जोडीला लावल्याबिगर वाईट ऐकू येत न्हाय की."

साहेबांनी कागद पुन्हा एकदा वाचला आणि फाडला. "बेअरिंग आजच बदला. आणि यापुढं असलं काही असेल तर आधी लेखी."

नागसेन बाहेर आला. मामानं त्याला असलं काही कधीच सांगितलं नव्हतं. टेपमुळं बिघाड आयता सापडला, म्हणून मामानं पाठीशी घातलं असणार, असं त्यानं मनाशी धरलं. नोकरी वाचली, एवढं खरं. तरी तो खट्टू झाला. ज्या ठेक्यावर आपण जीव टाकला तो नुसता बिघाडच होता, हे काही त्याच्या पचनी पडेना.

चहाच्या सुट्टीत मामानं सात नंबर बंद केलं, मोटर खोलली, बेअरिंग काढून पुसलं आणि नागसेनच्या हातावर ठेवलं. नागसेननं ते बोटानं फिरवलं. लोण्यात फिरावं तसं फिरलं.

"मामा, हे तर चांगलं हाय."

"हाय की."

मामानं नवं बेअरिंग बसवलं आणि मशीन चालू केलं. दोन पडले, एक चुकला. ठेका होता तसाच.

"मोटरच्या पट्ट्याला सांधा हाय, त्याचा ठेका त्यो," मामा म्हणाला. "मशीन आल्यापास्नं रोज ऐकतोय मी."

"मग केबिनमधी बेअरिंगचं का सांगितलंसा?"

मामानं स्क्रूड्रायव्हर मशीनला टेकवला आणि मूठ नागसेनच्या कानापाशी धरली.

"अरं, गाणं झ्याक झालंय म्हणून सांगितलं असतं, तर सोडलं असतं व्हय त्यानं तुला?"