जर्मनच्या पातेल्यातला फोन

लग्नकार्यालाच निघणाऱ्या मोठ्या जर्मनच्या पातेल्यात फोन थरथरला आणि सगळं स्वयंपाकघर घणघणलं. झुलेखाने झडप घालून झाकण काढलं. बाहेर मोस्तगानेम शहरातल्या त्या गल्लीत फटाके उडत होते, गाड्यांचे हॉर्न चालले होते, म्हणून निभावलं. बॅकचा, म्हणजे शाळेच्या शेवटच्या परीक्षेचा, निकाल लागला होता. बॅक पास झालं की विद्यापीठ, नाही तर घर. पुढच्या खोलीत तिची मुलगी मानेल आपल्या फोनला डोळे लावून बसली होती. झुलेखाचा हा दुसरा फोन मात्र घरात कुणालाच ठाऊक नव्हता.

तो झुलेखाला धाकट्या बहिणीने, हूरियाने दिला होता. कोपऱ्यात तडकलेला, पण चालता. वर्षभर झुलेखाचं दुसरं आयुष्य त्यातच होतं. भांडी घासताना, कुसकुसचा रवा वळताना डोक्याच्या रुमालाखाली इयरफोन असायचा आणि कानात तत्त्वज्ञानाचे मास्तर बोलत असायचे. नवरा लखदर समजायचा, बायको तिच्या नेहमीच्या फोनवर पाककृती ऐकतेय. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्या बायकांचा एक गट होता. दुपारी घर रिकामं झालं की त्यांचे निरोप धडाधड यायचे. कुणी इतिहासाच्या सनावळ्या गाऊन पाठवायची, कुणी गणितापुढे हात टेकायची. झुलेखाला त्याची चटकच लागली होती. एखादी बाई चोरून प्रेम करते, तसा ती चोरून भूगोल करत होती.

सांगायची सोय नव्हती. सोळाव्या वर्षी बापाने दप्तर काढून घेतलं आणि लग्न लावून दिलं. मागे एका ईदला तिने पुन्हा शिकायचं नाव काढलं, तेव्हा लखदर पाहुण्यांसमोर म्हणाला होता की आता मायलेकींत मिळून एकच दप्तर घेऊ, तेवढीच बचत. पाहुणे पोट धरून हसले. तीही हसली. यंदा तर मानेलचंच वर्ष होतं. परीक्षेच्या आठवड्यात हूरियाच्या डोळ्याचं ऑपरेशन झाल्याचं सांगून ती रोज सकाळी मानेलच्या पाठोपाठ घराबाहेर पडली. शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन तिने पेपर लिहिले, आणि बहिणीसाठी म्हणून नेलेला डबा येताना बसमध्ये स्वतःच संपवला. इतकी भूक तिला कित्येक वर्षांत लागली नव्हती.

आता तिने फोन उघडला. पडद्यावर तिचं नाव होतं, माहेरच्या आडनावासकट. खाली लिहिलं होतं, उत्तीर्ण. वीसपैकी बारा.

तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला. पाय जमिनीवर ठरेनात. ओट्याभोवती तिने एक गिरकी घेतली, परत वाचलं, परत घेतली.

"नऊ," दारातून आवाज आला.

मानेल उभी होती. चेहरा पांढराफटक. पास व्हायला दहा लागायचे. झुलेखाने हात पसरले, पण हातात फोन तसाच होता आणि चेहऱ्यावरचं हसू अजून पुरतं विझलं नव्हतं. मानेलने दोन्ही पाहिलं. वॉशिंग मशीनच्या मागे तिने पूर्वी कधीतरी एक अनोळखी चार्जर पाहिला होता. गच्चीवर कपडे वाळत घालताना आईला कुणाशी तरी कुजबुजतानाही ऐकलं होतं. तो संशय तिने महिनोन्महिने एकटीने गिळला होता.

"माझं वाटोळं झालंय, यम्मा," ती म्हणाली, "आणि तू इथे कुणाशी हसतेयस? कोण आहे तो?"

झुलेखाने फोन पाठीमागे नेला. आजच्या दिवशी लेकीला हा निकाल दाखवण्यापेक्षा तिने आपल्याला वाईट समजलेलं बरं, असं तिला वाटलं. पण फोन पुन्हा थरथरला आणि मानेलने तो हिसकावून घेतला.

तिने वाचलं. वर बघितलं. पुन्हा वाचलं. मग ती तिथेच फरशीवर बसली.

झुलेखा तिच्या शेजारी टेकली आणि घाईघाईने सांगू लागली की हे कुणाला कळायला नको, आज तर नकोच, पुढच्या वर्षी तू पास झालीस की बघू. मानेल ऐकत नव्हती.

"गणित सुटलं तुला?"

"सुटलं."

"सगळं?"

"शेवटचं नाही."

"मलाही नाही," मानेल म्हणाली. तिला हसू फुटलं, त्या पाठोपाठ रडू, मग दोन्ही एकदमच. आईच्या खांद्यात तोंड खुपसून ती बराच वेळ हमसत राहिली.

मग ती उठली. नळाखाली तोंड धुतलं, केस मागे सारले आणि झुलेखा अडवायच्या आत थेट गॅलरीत गेली.

खाली गल्ली माणसांनी भरली होती. लखदर नुकताच बंदरावरून आला होता. हातात केकचा खोका होता, पण वर जायचा धीर होत नव्हता, म्हणून तो आपल्या गाडीला टेकून उभा होता. मानेलने कठड्याला पोट टेकवलं, मान मागे टाकली आणि जीभ नाचवत बायकांची ती लांब, थरथरती ललकारी दिली. घरात पहिल्यांदा कुणी बॅक पास झालं की देतात तशी. सगळी गल्ली वर बघू लागली.

लखदरने खोका गाडीच्या टपावर ठेवला आणि दोन्ही हात आभाळाकडे फेकले.

"पास झाली," तो शेजाऱ्यांना ओरडून सांगू लागला, "माझी पोरगी पास झाली!"

"पोरगी नाही, बाबा," मानेल वरून म्हणाली. "तुमची बायको."