घोटभर पाणी

देसले सरांनी उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं आणि आत त्यांची आई शिंकली.

"थांब रे अभिमन," स्वयंपाकघरातून तानुबाई म्हणाल्या. "मांगे फिर. बस जराखा. घोटभर पानी पी, मंग जाय."

सरांनी घड्याळ पाहिलं. जळगावची एसटी साडेआठची होती आणि बारा वाजता तिकडे त्यांची पीएच.डी.ची तोंडी परीक्षा. सात वर्षं घासलेल्या प्रबंधाचा आज निकाल लागणार होता. पास झाले तर धुळ्याच्या कॉलेजात ते डॉक्टर देसले आणि मराठीचे विभागप्रमुख होणार होते. नाही झाले तर होते तेच. अशा दिवशी मनोविश्लेषणाच्या अभ्यासकाने शिंकेला भ्यावं हे काही शोभणारं नव्हतं. पण आईपुढे कुणाचं मनोविश्लेषण चालतंय? सर मुकाट्याने मागे फिरले, खाटेवर बसले आणि पाणी प्यायले.

सोनगीरहून खास लेकासाठी आलेल्या तानुबाई समोर येऊन बसल्या. "सात वरीस काय लिखं रे तू? त्या पुस्तकमा काय शे?"

पाण्याचा पेला हातात होताच. सरांनी थोडक्यात सांगितलं. शंभर वर्षांपूर्वीची एक नावाजलेली कादंबरी. तिच्यात गोदा नावाची सून. सासरच्या जाचाला कंटाळून ती एके दिवशी गाठोडं उचलते आणि दाराबाहेर पडते. तेवढ्यात ओसरीवर सासरा शिंकतो. ती मागे फिरते, पाटावर बसते, तांब्या तोंडाला लावते. कादंबरी तिथंच संपते. आता एका परदेशी मनोविश्लेषकाचा सिद्धान्त असा, की माणसाला स्वातंत्र्य सोसत नाही. मोकळं दार दिसलं की तो घाबरतो आणि कुणातरी बलवंताच्या पायाशी जाऊन बसतो. गोदाचं तेच झालं. शिंक म्हणजे सत्तेचा हुंकार. त्यावर चाळीस पानं होती. पाणी म्हणजे आईच्या गर्भात परत जायची ओढ. त्यावर साठ.

तानुबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग त्यांना हसू फुटलं.

"आरे येडा! ती मांगे फिरनी, बसनी, पानी पिनी. मंग गयी व्हई ना ती! तू आते काय घाबरीसन मांगे उना का?"

गोदा निघून गेली असेल? सरांच्या हातातला पेला तसाच राहिला. दारात डबा घेऊन उभ्या असलेल्या बायकोकडे, पुष्पाबाईंकडे, त्यांनी पाहिलं. हा प्रबंध बाईंनीच तीनदा सुवाच्य अक्षरात उतरवून काढला होता.

"तुलाही असंच वाटलं होतं?"

"वाटायचं काय त्यात," पुष्पाबाई म्हणाल्या. "जायचं नसतं तर पाणी कशाला प्यायली असती? मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल."

एसटीत सरांना खिडकीशी जागा मिळाली. मुकटीपर्यंत ते आईवर चिडले होते. पारोळा येईपर्यंत त्यांच्या अंगावर काटा उभा राहिला. शंभर वर्षं मोठमोठे समीक्षक गोदाला भित्री म्हणत आले होते आणि ती बिचारी कधीच निघून गेली होती! हे कुणालाच दिसलं नव्हतं. दिसलं ते सोनगीरच्या एका अंगठेबहाद्दर बाईला, आणि आता त्यांना. सात वर्षांत प्रथमच सरांना त्या कादंबरीबद्दल स्वतःचं असं काही सुचलं होतं, म्हणजे आईचं, पण घरातलंच. त्यांना फार आनंद झाला. परीक्षकांपुढे उभं राहून सरळ सांगायचं, मी चुकलो, खरा अर्थ हा आहे. होईल ते होवो. एरंडोलला त्यांनी चहाबरोबर भजीसुद्धा खाल्ली.

परीक्षेच्या खोलीत तिघेच होते. सर, बाहेरून आलेले वयस्कर परीक्षक आणि सरांचे मार्गदर्शक डॉ. भामरे. भामऱ्यांना सगळे नानासाहेब म्हणत. प्रबंधाचा विषय नानासाहेबांनी दिला होता, सिद्धान्त त्यांनीच दिला होता आणि वेळ वाचावा म्हणून निष्कर्षही पहिल्याच वर्षी देऊन टाकला होता.

परीक्षकांनी प्रबंध उलटपालट चाळला. दोन-चार साधे प्रश्न विचारले. मग चष्मा काढून ठेवला.

"देसले, मी खेड्यातला माणूस आहे. आमच्याकडे निघताना कुणी शिंकलं तर मागे येतात, टेकतात, घोटभर पाणी पितात आणि मग निघतात. तुमच्या खानदेशात काय रीत आहे?"

सरांच्या ओठांवर आलेलं सगळं परीक्षकांनी अलगद त्यांच्या हातात ठेवलं होतं. आता फक्त होय म्हणायचं होतं.

त्यांनी नानासाहेबांकडे पाहिलं. नानासाहेबांनी नुसती हातातली कचोरी बशीत परत ठेवली.

"रीत आहे, सर," देसले म्हणाले.

"मग गोदा निघून गेली असेल का?"

सरांना आईचं हसणं आठवलं, दारातल्या पुष्पाबाई आठवल्या. टेबलावर पाण्याचा पेला होता. तो त्यांनी उचलला आणि सगळा पिऊन टाकला.

"नाही, सर. आमच्या नानासाहेबांचं मत तसं नाही."

नानासाहेबांनी कचोरी पुन्हा उचलली. परीक्षकांनी चष्मा लावला आणि अहवाल पुढे ओढला. देसले सर तोवर उठून नानासाहेबांच्या पायांवर वाकले होते. तिकडे एक नजर टाकून परीक्षकांनी शेरा लिहिला: 'माणसाला स्वातंत्र्य सोसत नाही, हे उमेदवाराने माझ्यासमक्ष निर्विवाद सिद्ध केले आहे. पदवी द्यावी.'