शुक्रवारची शतपावली

शुगर वाढली म्हणून जेवणानंतर चालायची डॉक्टरांची सक्त ताकीद होती. नागपूरहून आयर्लंडमधल्या नास गावी मुलाकडे, गंधारकडे आलेल्या पुरुषोत्तमरावांना शेजारच्या फुटबॉल क्लबच्या मैदानाभोवतीची वाट त्यासाठी पसंत पडली. शुक्रवारी तिथे मॅच असायची, पण बघायला जेमतेम चाळीस माणसं. खेळाकडे ते ढुंकूनही बघत नसत.

एकदा ते पाहुण्या संघाच्या गोलपोस्टमागून जात असताना क्लबच्या पोरांनी गोल मारला. पुढच्या फेरीला आणखी एक. पुढच्या शुक्रवारीही तेच. मग गळ्यात क्लबचे मफलर घातलेले दोन म्हातारे गुपचूप त्यांच्यामागे चालू लागले. महिन्याभरात सगळे प्रेक्षक, बायकापोरांसकट, त्यांच्यामागे रांगेनं.

परतीच्या विमानाच्या आदल्या दिवशी क्लबचा अध्यक्ष स्वतः दारात येऊन उभा राहिला.

"बाबा, सीझन संपेपर्यंत थांबा म्हणतोय," गंधारनं सांगितलं. "तुमच्याशिवाय त्यांचं काही खरं नाही म्हणे."

पुरुषोत्तमरावांना भरून आलं.

"थांबतो न बापा. अख्ख्या गावाले शुगर आहे, असं मधातच सोडून कसं जाऊ?"