डोकं ठिकाणावर

पडदे शिवता शिवता ती मध्येच कपाट आवरायला उठायची आणि दोन्ही कामं अर्धवट राहायची. “हिचं डोकं ठिकाणावर नसतं,” नवरा येईल त्याला सांगायचा. शेवटी डॉक्टरांनी एडीएचडीचं, म्हणजे लक्ष एका जागी न टिकण्याच्या विकाराचं, निदान केलं. सकाळची गोळी, रोजचं चालणं, वेळेवर झोप, सगळं तिने नेटाने पाळलं. पडदे गिऱ्हाइकांकडे वेळेत जाऊ लागले.

परवा जेवताना तिने नवऱ्याला दिवसभराची हकिगत सांगितली. विषय न सोडता, मध्येच न उठता, अगदी शेवटपर्यंत. लग्नानंतर पहिल्यांदाच.

मोबाइलमधून मान वर करत तो म्हणाला, “अं? काही म्हणालीस?”

तिने तिथल्या तिथे दवाखान्यात फोन लावला.



“उद्याची अपॉइंटमेंट मिळेल का? नाही हो, मी ठणठणीत आहे. पेशंट नवीन आहे.”