यादीतला पाचवा फोन

"अक्का, पासवर्ड बरोबर आहे. तरी तुमचा फोन वायफायला लागत नाही," फैज म्हणाला.

"मंग फोनच बिघडेल व्हई, भाऊ." भिकुबाई खाटेवरून उठून त्याच्याजवळ येऊन बसली.

वरच्या खोलीत रेंज पोहोचत नाही म्हणून तिच्या मुलाने, प्रेमराजने, दुसरा राउटर आणला होता. तो जुन्याला जोडायला अख्ख्या शिंदखेड्यात फैजइतका भरवशाचा माणूस नव्हता. दोघं शाळेपासूनचे दोस्त. प्रेमराज आंबे आणायला बाजारात गेला होता. त्याची बायको पोरांना घेऊन आखाजीसाठी, अक्षय्य तृतीयेच्या सणाला, माहेरी पहूरला. घरात म्हातारी एकटीच, आणि तिला एकच पडली होती. तिची लेक दीपमाला, सुरतेला दिलेली, सहा महिन्यांत एकदाही बोलली नव्हती.

बापाच्या वावरातल्या वाट्याचा विषय निघाला आणि पोरीने बोलणं टाकलं, असं प्रेमराज सांगायचा. म्हातारीच्या सिमचं रिचार्ज त्याने तेव्हाच बंद केलं. घरात वायफाय असताना रिचार्ज कशाला? पुढे वायफायही लागेना. मग तोच आपल्या फोनवरून बहिणीचा नंबर लावायचा, दोन मिनिटं कानाला धरायचा आणि म्हणायचा, "उचलत नाही, माय."

तरी आईच ती. गेल्या बुधवारी तिने प्रेमराजला मुऱ्हाळी म्हणून सुरतेला धाडलं. माहेरचं माणूस न्यायला आल्याशिवाय खानदेशातली लेक आखाजीला उंबरा ओलांडत नाही. लेकीचा राग असेल, पण मुऱ्हाळी भाऊ दारात पाहून तो टिकतो का? प्रेमराज एकटाच परत आला. "तिने दारच उघडलं नाही," एवढंच बोलला. त्या दिवसापासून म्हातारीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. आखाजी आता परवावर आली होती.

"मन्हा फोन तेवढा लाई दे भाऊ," ती म्हणाली. "मीच तिले फोन करसू. शिव्या दी तरी चाली."

फैजने जुन्या राउटरची सेटिंग उघडली. बंद केलेल्या फोनांची यादी काढली. यादीत एकच फोन होता आणि त्यापुढे नाव होतं, चोर.

फैजला हसू आलं. ते नाव त्यानेच टाकलेलं. दिवाळीनंतर प्रेमराजने त्याला मुद्दाम बोलावून घेतलं होतं. जोडलेल्या पाच फोनांपैकी शेवटच्यावर बोट ठेवून म्हणाला होता, "हा आमच्यापैकी नाही. शेजारचा कोणीतरी फुकट नेट ओढतोय. काढ त्याला." दोस्ताच्या घरात चोरी! फैजने तिथल्या तिथे तो फोन बंद करून टाकला होता.

राउटर प्रत्येक फोनला त्याच्या ठरलेल्या आकड्याने ओळखतो. फैजने म्हातारीच्या फोनमधला आकडा काढला आणि यादीतल्या चोराशी ताडून पाहिला. पुन्हा पाहिला. त्याचं हसू विरलं.

"हरामखोर!" त्याच्या तोंडून शिवीच गेली. वीस वर्षांची दोस्ती, आणि या माणसाने आपल्या हातून हे करवून घेतलं!

"काय व्हयनं रे, भाऊ?"

"अक्का, तुमचा फोन बिघडलेला नाही. तो बंद केला होता." फैजला तिच्याकडे बघवेना. "मीच केला. प्रेमराजने सांगितलं म्हणून. तुमचा आहे हे मला माहीत नव्हतं, अल्लाची शपथ."

"मन्हा पोऱ्या असं कसाले करी?"

फैजने यादीतलं नाव काढून टाकलं. क्षणभर काहीच झालं नाही. मग फोन थरथरला, आणि थरथरतच राहिला.

"बठ्ठा कोना शेतस?"

"सगळे दीपमालाताईचेच. महिनाभराचे, त्याआधीचे टिकले नाहीत. आवाजातले निरोप आहेत." फैजने फोन तिच्यापुढे धरला. "कोणता लावू?"

"शेवटला लाव. तिना मनमा आज काय शे ते कळू दे."

फैजने बोट ठेवलं. दीपमालाचा आवाज खोलीत आला आणि म्हातारीने फोन दोन्ही हातांत धरला.

"माय, मी दीपमाला. तू मला बंद करून टाकलंय, माझा एकही निरोप तुला पोचत नाही. तरी रोज पाठवते."

बाहेर मोटरसायकल थांबली. आंब्यांची पेटी घेऊन प्रेमराज दारात आला, आणि बहिणीचा आवाज ऐकून तिथेच खिळला. म्हातारीने त्याच्याकडे पाहिलं. फोन खाली ठेवला नाही.

"बुधवारी भाऊ आला होता. म्हणाला, वावरावरचा हक्क सोडला तरच माय बोलेल, सही झाली की स्वतः फोन करील. मी त्याच दिवशी सही करून दिली, माय. आठ दिवस झाले. आता तरी बोल ना."